साहाय्य शून्य टक्के

माझ्या बायकोने पस्तीस वर्षांत मला एकदाही नाही म्हटलं नाही, असं मी चारचौघांत छाती काढून सांगायचो. लोक हसायचे, मीही हसायचो. उज्ज्वला चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी असायची आणि गालातल्या गालात हसायची. ते हसू कसलं होतं, हे विचारायची गरज मला कधी पडली नाही. आता पडलीय, म्हणून हे सांगायला बसलोय.

मी प्रल्हाद पांचाळ. कराडला स्टँडच्या मागे माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. आधी विहिरीवरच्या पंपाच्या मोटारी भरायचो, अलीकडे इलेक्ट्रिक स्कूटरच्या चाकांतल्या भरतो. जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार उपसायची, नवी तांब्याची तार भरायची, की झाली चालू. जगात बंद पडलेली प्रत्येक गोष्ट अशीच चालू होते, असा माझा चाळीस वर्षांचा समज. स्वभाव तापट. गिऱ्हाईक जास्त शहाणपणा करायला लागलं की 'मग तूच भर' म्हणून मोटर त्याच्या हातात देणारा माणूस मी.

उज्ज्वला शिवणकाम करायची. पुढे ती काँप्युटरवर भरतकामाची डिझाइन्स काढायला शिकली. तिने काढलेली फाइल भरतकामाच्या मशीनला द्यायची, मशीन ब्लाउजवर तसंच्या तसं उतरवतं. तिच्या कोयऱ्या जरा बसक्या असायच्या, शेपूट आत वळलेलं. लग्नाच्या घरी बायका लांबून ओळखायच्या की हे पांचाळ वहिनींचं काम.

सहा वर्षांपूर्वी तिच्या हातातून कात्री निसटायला लागली. मग माउसवर बोट दाबलं जाईना. डॉक्टर इनामदारांनी महिनाभर तपासण्या केल्या आणि मोटर न्यूरॉनचा आजार असल्याचं सांगितलं. नावात मोटर ऐकून मला वेड्याला वाटलं, हे तर आपल्याच धंद्यातलं काहीतरी आहे. तसं ते होतंही. मेंदू हुकूम सोडतो, तो मज्जातंतूंमधून स्नायूंपर्यंत येतो, आणि या आजारात ते तंतूच एकेक करून मरतात. तिची बुद्धी शाबूत, डोळे शाबूत, कान शाबूत, फक्त मधली तार जळालेली. ती तार नव्याने भरता येत नाही हे डॉक्टरांनी मला तीनदा सांगितलं, कारण मी तीनदा विचारलं.

मग आमच्या घरात माउसांची वरात सुरू झाली. नसीमा मुजावर म्हणून थेरपिस्ट आहेत, आम्ही त्यांना मुजावर मॅडम म्हणतो. अपंग माणसाला रोजची कामं करता यावीत म्हणून साधनं बसवून देणं हे त्यांचं काम. दर पाच-सहा महिन्यांनी त्या नवं काहीतरी घेऊन यायच्या. आधी तळहाताने फिरवायचा मोठा चेंडू आला. हात गेले तसा तो पायाखाली गेला. पाय गेले तेव्हा कपाळावर एक चमकणारा ठिपका चिकटवायचा, समोरचा कॅमेरा त्याच्यावर लक्ष ठेवणार आणि मान वळेल तसा पडद्यावरचा बाण सरकणार. मॅडमनी ठिपका बरोबर कुंकवाच्या जागी लावला, तर उज्ज्वला दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मान डुलायला लागल्यावर डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं यंत्र आलं. त्याने तिचे डोळे दुपारपर्यंत लालभडक व्हायचे, आणि पुढे पापण्याही हव्या तेव्हा मिटेनात. दर वेळी महिन्याच्या कोयऱ्या कमी व्हायच्या, पण व्हायच्या. मधेच कधीतरी तिचा आवाजही गेला.

गेल्या वर्षी 'सुकाणू' आलं. कानामागून गळ्यापर्यंत जाणारी बोटभर रुंदीची पट्टी आणि तिच्या आतल्या बाजूला टिकलीएवढे बारा धातूचे ठिपके. स्नायू हलला नाही तरी त्यात जिवंत राहिलेल्या दोन-चार तंतूंमधून विजेची लहर जाते, व्होल्टच्या लाखाव्या हिश्शाएवढी. ती हे ठिपके पकडतात. उजवीकडे जायचा नुसता प्रयत्न केला तरी लहर उठते. माणूस हललेला दिसत नाही आणि बाण हलतो.

पण इतकी बारीक लहर म्हणजे जत्रेच्या गोंगाटात कुणीतरी कुजबुजावं, तशी. म्हणून यंत्र आणखी एक काम करतं, ते म्हणजे अंदाज. या बाईने आजवर अशा वेळी काय निवडलं ते लक्षात ठेवतं, समोरचा माणूस काय विचारतोय ते ऐकतं, आणि लहर अधिक अंदाज अशी बेरीज करून बाण सरकवतं. मुजावर मॅडमनी मला सोपं करून सांगितलं. पोराला पाटीवर गिरवायला शिकवताना आपण त्याचा हात धरतो, तसंच हे. पोराने जोर लावला की आपण सैल सोडायचं, त्याचा जोर कमी पडला की आपण ओढायचं. अक्षर सुबक येतं.

आणि खरंच सुबक यायला लागलं. उज्ज्वलाने त्या दिवाळीत नऊ डिझाइन्स केली. मी पेढे वाटले.

बोलण्यासाठी पडद्यावर तयार शब्दांचे चौकोन असतात. ते कुठले ठेवायचे हे मॅडमनी मला विचारलं, कारण तिला माझ्याएवढं कोण ओळखणार? मी 'पाणी' ठेवलं, 'कूस बदला' ठेवलं, 'दुखतंय', 'टीव्ही बंद करा'. आणि बरोबर मधोमध, सगळ्यात मोठा, हिरव्या रंगाचा चौकोन ठेवला, 'चालेल'. आयुष्यभर ती तेच म्हणत आली होती. आमच्याकडे विचारायची रीतच तशी. आज वांगंच करू, चालेल ना? पोरीला शिकायला पुण्याला ठेवू, चालेल ना? तुझ्या माहेरी पुढच्या वर्षी जाऊ, चालेल ना? उत्तर मी प्रश्नातच घालून द्यायचो, तिने ते फक्त उचलून परत द्यायचं. 'नको' असा चौकोन मी ठेवलाच नाही. मुद्दाम नाही हो. सुचलंच नाही.

या फेब्रुवारीत डॉक्टर इनामदारांनी मला खोलीत बोलावलं. तिच्या छातीचे स्नायू थकत चालले होते, श्वास दोन-तीन महिन्यांत अपुरा पडणार होता. तेव्हा दोन वाटा. गळ्याला छिद्र पाडून श्वासाचं यंत्र लावायचं, ते कायमचं. घरी आणता येतं, काही माणसं त्यावर पुढे बरीच वर्षं जगतात, पण चोवीस तास कुणीतरी उशाशी लागतं, घशातली घाण नळीने ओढून काढावी लागते. नाहीतर यंत्र लावायचं नाही, त्रास होऊ नये म्हणून औषधं द्यायची आणि जायचं तेव्हा जाऊ द्यायचं. श्वास अडकला त्या दिवशी विचारायला वेळ नसतो, म्हणून आधीच विचारून ठेवा, असं त्यांनी बजावलं. आणि हेही सांगितलं, की हे तुमचं नाही, त्यांचं उत्तर हवं.

मी तिला घरी विचारलं. कसं विचारलं ते शब्दाला शब्द आठवतंय.

"गळ्याला भोकं पाडून, नळ्या घालून तुझे हाल नकोत ना? आपण घरीच राहू, शांतपणे. चालेल ना?"

बाण सरळ मधोमध गेला. दोन सेकंदही लागले नाहीत. मोबाइल समोर लावून ठेवला होता, त्यात ते सगळं रेकॉर्ड झालं. मी ते पुण्याला मुलीला, मेघनाला, पाठवलं आणि डॉक्टरांनाही पाठवलं. मेघना फोनवर खूप रडली आणि म्हणाली, मम्मीची इच्छा असेल तर आपण मधे यायचं नाही. मीही रडलो. पण खरं सांगतो, रडता रडता मला सुटल्यासारखं वाटलं. त्या रात्री मला सहा वर्षांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

चौथ्या दिवशी सकाळी मी तिचं अंग पुसत होतो. मानेला घाम होता, म्हणून पट्टी काढून डाव्या हातात धरली आणि उजव्या हाताने गळा पुसायला लागलो. गार वारा येत होता.

"खिडकी लावून घेतो, चालेल ना?"

बाण मधोमध गेला. चालेल.

मी खिडकीकडे दोन पावलं गेलो आणि थांबलो. पट्टी माझ्या हातात होती. माझी ओली बोटं त्या ठिपक्यांना लागत होती, त्यामुळे यंत्राला वाटत होतं की ती अजून तिच्या अंगावरच आहे. मी पुन्हा विचारलं. पंखा बंद करू, चालेल ना? चालेल. मग विचारलं, तुला मी कृष्णेत ढकलून देतो, चालेल ना? बाण जराही अडखळला नाही.

चाळीस वर्षांत मी एक गोष्ट पक्की शिकलोय. लाइन काढल्यावरही मोटर फिरत असेल, तर करंट दुसरीकडून येतोय. इथं तो कुठून येत होता हे कळायला मला फार डोकं लागलं नाही. मी मागे वळून बघितलं. उज्ज्वला माझ्याकडे बघत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

मुजावर मॅडम दुपारी हातातलं काम टाकून आल्या. त्यांनी सुकाणूची आतली नोंद उघडली. मला असलं काही आत असतं हेच ठाऊक नव्हतं. प्रत्येक उत्तरापुढे एक आकडा होता, यंत्राने किती टक्के साहाय्य केलं त्याचा. दिवाळीत चाळीस. संक्रांतीला सत्तर. लहर जितकी मंद होत गेली, तितका यंत्राने स्वतःहून अंदाजाचा वाटा वाढवत नेला होता, आणि बाण मात्र पहिल्यासारखाच झोकात चालत होता, त्यामुळे कुणालाच काही कळलं नाही. माझ्या त्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, साहाय्य सत्त्याण्णव टक्के.

मी मॅडमवर चढलो. तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही, म्हणून तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, चूक माझीच आहे, साहाय्य आपोआप वाढू द्यायची सोय मीच चालू ठेवली होती, उज्ज्वलाताईंना दमणूक नको म्हणून. मग त्यांनी पडद्यावर एक बारीक निळी रेघ दाखवली.

"हे उरलेले तीन टक्के. हा फक्त ताईंचा जोर आहे, यात यंत्र नाही."

रेघ मधोमध जात नव्हती. ती खाली डावीकडे जात होती, पडद्याच्या कोपऱ्यात. तिथं काहीच नव्हतं. रिकामी जागा.

मॅडम सावधपणे म्हणाल्या की एवढ्यावरून काही ठरवता येत नाही, हा नुसता गोंगाटही असू शकतो. साहाय्य शून्यावर आणून पुन्हा विचारायला हवं. ताई ताज्यातवान्या असतात त्या वेळी, म्हणजे सकाळी दहाला. वेळ किती लागेल सांगता येत नाही, आणि त्या खूप दमतील.

दुसऱ्या दिवशी दहाला आम्ही बसलो. मॅडमनी माझे सगळे चौकोन पुसून टाकले आणि दोनच ठेवले. एकावर 'यंत्र लावा', दुसऱ्यावर 'यंत्र लावू नका'. एक डावीकडे, एक उजवीकडे, सारख्याच आकाराचे, दोन्ही पांढरे. मला म्हणाल्या, आता विचारा, पण उत्तर आत घालू नका.

तुम्हाला सोपं वाटेल. मला जमेना. पहिल्यांदा मी 'तुला त्रास नको असेल तर' अशी सुरुवात केली, त्यांनी हात वर केला. दुसऱ्यांदा 'डॉक्टर म्हणतात की फार हाल होतात' म्हणालो, पुन्हा हात वर. बासष्ट वर्षांचा माणूस मी, बायकोला साधा प्रश्न विचारता येईना. तेव्हा मी पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघितलं, आणि जे बोलायचं ठरवलं नव्हतं तेच तोंडून गेलं.

"उज्ज्वला, मागच्या वेळी मी तुझ्यासाठी नाही विचारलं. मला सुटायचं होतं. आता खरं विचारतोय. तुला काय पाहिजे?"

बाण थरथरला. मग तो भरकटला, वर गेला, खाली आला, कडेला जाऊन अडकला. साहाय्य नसलं की असंच होतं, तिच्यात उरलेला जोर आणि नुसता गोंगाट यांची ओढाताण उघड्यावर दिसते. मला तो हाताने धरून कुठंतरी न्यावासा वाटत होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तिच्या कपाळावर घाम आला, मी पुसला. बाण चौकोनापर्यंत जायचा आणि घसरून परत यायचा. मी दोनदा उठलो, मॅडमनी दोनदा बसवलं. अडतीस मिनिटांनी तो डावीकडच्या चौकोनात शिरला आणि तिथं टिकून राहिला.

यंत्र लावा.

मॅडमनी अर्धा तास विश्रांती दिली आणि चौकोनांच्या जागा बदलल्या. आता 'यंत्र लावा' उजवीकडे. या वेळी एक्कावन्न मिनिटं लागली. बाण सगळा पडदा ओलांडून उजवीकडे गेला. ज्या बाईला स्वतःची पापणी नीट मिटता येत नव्हती, ती एक्कावन्न मिनिटं ओढत होती, जगण्यासाठी. आणि मी तिला चार दिवसांपूर्वी दोन सेकंदांत मारून मोकळा झालो होतो.

मॅडमनी विचारलं, थांबायचं का. तिने अक्षरांची पाटी मागितली, म्हणजे बाण पडद्याच्या वरच्या कडेला असलेल्या तिच्या खुणेकडे न्यायला लागली. दुपारी दीड वाजता पडद्यावर शब्द पुरे झाले.

'मी रागावलेय'

माझ्यावर का, असं मी विचारलं नाही. तेवढी अक्कल तोवर आली होती. मी तिचा हात धरून बसून राहिलो आणि तिने तो सोडवून घेतला नाही, पण घेणार तरी कसा? हेही माझ्या लक्षात आलं, म्हणून मीच सोडला.

शनिवारी मेघना पुण्याहून आली. तिला मी नोंद दाखवली, निळी रेघ दाखवली. ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, पप्पा, तुम्हाला झेपणार आहे का? चोवीस तास, रोज, कदाचित दहा वर्षं? मी नोकरी सोडून येऊ शकत नाही. पोरीचं काही चुकत नव्हतं. मला झेपेल की नाही मला माहीत नव्हतं, आजही माहीत नाही. मी तिला तसंच सांगितलं. आणि म्हटलं, झेपतंय का हा माझा प्रश्न आहे, त्याचं उत्तर तुझ्या मम्मीने मरून द्यायचं नाही. मेघना ओट्याला टेकून रडली. मग डोळे पुसून तिने घशातली घाण ओढायचं मशीन कसं चालवतात त्याचा व्हिडिओ लावला, आणि आम्ही दोघांनी तो तीनदा बघितला.

तिचा दुसरा मुद्दाही रास्त होता. साहाय्य शून्यावर ठेवलं तर मम्मी दिवसाला चार शब्द बोलेल, निदान तीस टक्के तरी ठेवू. मी म्हटलं, तिलाच विचार. मेघनाने विचारलं, नीट, कुठलीही बाजू न घेता, आणि दोन तास बसून राहिली. उज्ज्वलाने उत्तर दिलं ते आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. कोयरीला साहाय्य चालू ठेवा. बोलताना बंद.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिला दवाखान्यात नेलं. गळ्याची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी होती आणि त्याआधी संमती हवी होती. नर्सबाई शाईचं पॅड घेऊन आल्या. त्यांची रोजची पद्धत, हात चालत नसेल तर पेशंटचा अंगठा उचलायचा, शाईत बुडवायचा, कागदावर टेकवायचा, खाली नातेवाइकाची सही. उज्ज्वलाचा अंगठा त्यांनी हातात घेतलासुद्धा. मी म्हटलं, बाई, तो ठेवा खाली, ती स्वतः देणार आहे. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी म्हटलं, हिचे अंगठे मी आयुष्यभर उठवलेत.

डॉक्टर इनामदार आले. मी त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं. त्यांनी दवाखान्याचा टॅब पट्टीला जोडू दिला. पडद्यावर संमतीचा मजकूर होता आणि खाली दोन चौकोन. त्यांनी तो मजकूर तिला सावकाश वाचून दाखवला, यंत्र कायमचं असेल हेही सांगितलं, आणि विचारलं. मुजावर मॅडमनी साहाय्य शून्य आहे हे त्यांना दाखवलं.

डॉक्टर पहिली दहा मिनिटं उभे होते. मग स्टूल ओढून बसले. त्यांचा फोन दोनदा वाजला, त्यांनी तो बंद केला. बाहेर त्यांच्यासाठी माणसं थांबली होती, दारातून कुणीतरी डोकावून गेलं. उज्ज्वलाचा श्वास आता ऐकू येत होता, आखूड, घाईचा, तरी बाण चाललाच होता. तो अर्ध्यावर आला आणि घसरला. पुन्हा निघाला. पाऊण तास झाला असेल. तो संमतीच्या चौकोनापासून दोन बोटांवर येऊन थांबला आणि तिथंच थरथरत राहिला. पुढे जाईना, मागेही येईना. तिचे डोळे अर्धवट मिटले.

डॉक्टर भला माणूस. त्यांना बघवेना. उत्तर काय आहे हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं, आणि टॅबला नुसतं बोट लावायचं बाकी होतं. त्यांचा हात पुढे झाला.

मी त्यांचं मनगट धरलं.

"बसा, डॉक्टर," मी म्हटलं. "ती दम घेतेय."

त्यांनी हात मागे घेतला. आम्ही सगळे बसून राहिलो. काही वेळाने उज्ज्वलाने डोळे उघडले आणि बाण पुढे सरकला.